नव्या लॅपटॉपवर पहिल्याच तासात मराठी: होम मॅनेजर, दोन वर्षं वापरल्यानंतर

नवा संगणक हातात आला की मी आधी तीन शब्द टंकते: ‘ॲप’, ‘दऱ्या’ आणि ‘शल्य’. पहिल्यात अ-वर चंद्र नीट बसतो का, दुसऱ्यातला ऱ्य फुटून र् आणि य वेगळे होतात का, आणि तिसऱ्यातले श आणि ल आपल्या वळणाचे येतात की हिंदीच्या, एवढं बघितलं की ते यंत्र मराठी कामाला तयार आहे की नाही हे समजतं. माझ्याकडे आजवर आलेला एकही संगणक या परीक्षेत पहिल्या दिवशी पास झाला नव्हता. २०२५च्या जूनमध्ये घेतलेला लॅपटॉप पहिल्या तासात पास झाला. त्याचं श्रेय होम मॅनेजर नावाच्या एका मोफत प्रणालीला आहे. तिच्याबद्दल मराठीत लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझं काम सांगते, म्हणजे माझं मत कुठून आलंय ते कळेल. मी साताऱ्यात एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. प्रश्नपत्रिका, टिपणं, प्रात्यक्षिकांच्या पुस्तिका हे सगळं मी झीलेटेकमध्ये (टेक या पानं मांडणाऱ्या प्रणालीचा एक प्रकार) करते, कारण मराठी मजकूर आणि गणिती सूत्रं एकाच पानावर सुबक बसवायला मला दुसरं काही पटलेलं नाही. आकडेमोड आर या भाषेत. यंत्रं दोन, घरचा लॅपटॉप आणि विभागातला डेस्कटॉप, दोन्हींवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली. प्रोग्रामिंग हा माझा व्यवसाय नाही.

२०२३च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी जुन्या लॅपटॉपची डिस्क गेली. प्रश्नपत्रिका दोन दिवसांवर होती. फाइली सगळ्या वाचल्या, कारण त्या रोज दुसऱ्या यंत्रावर जात होत्या. गेलं ते वेगळंच. मी इन्स्क्रिप्टच्या पाटीत, म्हणजे कीबोर्डवरच्या अक्षरांच्या मांडणीत, थोडे बदल करून Σ, μ, σ ही चिन्हं मराठी टंकता टंकताच मिळतील अशी सोय केली होती, ती गेली. कुठून कुठून आणलेले फॉन्ट गेले. आरची तीसेक पॅकेजं गेली. टर्मिनलमधले माझे आखूड आदेश गेले. चार-पाच वर्षांत थोडं थोडं करून बसवलेली ही घडी होती, आणि तिची नोंद कुठेच नव्हती. फाइलींचा बॅकअप सगळे घेतात. यंत्र आपल्या हाताला कसं बसवलं होतं, त्याचा बॅकअप कुणी घेत नाही.

विभागातल्या डेस्कटॉपवर तीच प्रश्नपत्रिका उघडली तर तिसऱ्या पानावरचा तक्ता चौथ्या पानावर गेला. मूळ फाइल तीच, पण तिथला फॉन्ट जुन्या आवृत्तीचा आणि टेक त्याहून जुनं. त्या रात्री पुण्यातल्या भाच्याशी बोलताना मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, हे सगळं एका फाइलीत लिहून ठेवता येतं. तू ते एकदा शीक. आठवडाभर डोकं दुखेल, पण परत कधी हे करावं लागणार नाही.” आठवड्याचा त्याचा अंदाज चुकला, महिना लागला. बाकीचं बोलणं मात्र त्याचं खरं ठरलं.

होम मॅनेजर काय करतं? आपल्या लॉगइनखाली जे जे असतं, म्हणजे लागणारी सॉफ्टवेअरं, त्यांच्या सेटिंगच्या फाइली, फॉन्ट, कीबोर्डची निवड, पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवा, ते सगळं आपण एका मजकुराच्या फाइलीत लिहायचं. फाइलीचं नाव ‘होम.निक्स’. मग टर्मिनलमध्ये एक आदेश द्यायचा, ‘होम-मॅनेजर स्विच’. यंत्र ती फाइल वाचतं आणि तुमचं खातं तिच्याबरहुकूम करतं. वाण्याकडे महिन्याची यादी द्यावी तसं आहे हे. पोतं कुठल्या कपाटात आहे, आधी काय मोजायचं, ते आपण सांगत नाही. काय हवं तेवढं लिहितो. आणि पुढच्या महिन्याच्या यादीतून साबुदाणा खोडला, तर साबुदाणा येत नाही. हे दुसरं वाक्य मला पहिल्याहून महत्त्वाचं वाटतं. एखादा प्रोग्राम नको झाला तर त्याची ओळ पुसायची, पुन्हा स्विच करायचं, की तो आणि त्याची सेटिंग दोन्ही खात्यातून नाहीशी होतात. हातानं बसवलेल्या यंत्रात जुन्या गोष्टींचा गाळ साचत राहतो, तसा इथे साचत नाही.

एक ओळ नमुन्याला देते. फाइलीत ती रोमन लिपीत लिहायची असते, इथे उच्चाराप्रमाणे लिहिते:

प्रोग्राम्स.गिट.एनेबल = ट्रू;

एवढं लिहिलं की गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) बसतं. तिच्याखाली नाव आणि ईमेलच्या ओळी जोडल्या की गिटची सेटिंगची फाइलही तयार होते. अशी शेकडो ओळखीची नावं होम मॅनेजरला आधीपासून माहीत आहेत. ज्यांच्यासाठी खास सोय नाही, त्यांची फाइल आपण स्वतः द्यायची: ही फाइल घे आणि घरच्या फोल्डरमध्ये अमुक जागी ठेव.

याच्या तळाशी निक्स ही सॉफ्टवेअरं बसवणारी प्रणाली आहे, आणि निक्स कळल्याशिवाय होम मॅनेजर नीट कळत नाही. नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३मध्ये निक्सचं काम सुरू केलं आणि २००६मध्ये त्यावर पीएचडीचा प्रबंध लिहिला. नावाचा उगम त्या प्रबंधातच आहे. डच भाषेत ‘निक्स’ म्हणजे ‘काहीच नाही’. एखादं सॉफ्टवेअर तयार होताना, त्याला लागतात म्हणून ज्या गोष्टी स्पष्ट लिहून दिल्या आहेत, त्यांच्यापलीकडे त्याला काहीच दिसू द्यायचं नाही, असा तो विचार. हे वाचल्यावर मला माझा तिसऱ्या पानावरून पळालेला तक्ता आठवला. माझ्या प्रश्नपत्रिकेला यंत्रावर सापडेल तो फॉन्ट दिसत होता, आणि दोन यंत्रांवर दोन निराळे फॉन्ट सापडत होते.

निक्स प्रत्येक सॉफ्टवेअर ‘निक्स स्टोअर’ नावाच्या एकाच कोठारात ठेवतं. प्रत्येकाच्या फोल्डरच्या नावाआधी बत्तीस अक्षरांचा एक ठसा असतो, आणि ते सॉफ्टवेअर ज्या ज्या गोष्टींतून बनलं त्या सगळ्यांवरून तो निघतो. घटक जरासा बदलला की ठसा बदलतो आणि नवं फोल्डर होतं. जुनं जागेवरच राहतं. त्यामुळे एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. होम मॅनेजर २०१७मध्ये रॉबर्ट हेल्गेसन यांनी याच पायावर उभं केलं. ते तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये खऱ्या फाइली ठेवत नाही, कोठारातल्या फाइलींकडे बोट दाखवणारे दुवे ठेवतं. प्रत्येक स्विचची एक ‘पिढी’ होते. ‘होम-मॅनेजर जनरेशन्स’ म्हटलं की तारीख-वेळेसकट सगळ्या पिढ्यांची यादी येते. आजचा बदल बिघडला तर कालच्या पिढीच्या फोल्डरमधली ‘ॲक्टिव्हेट’ ही फाइल चालवायची, की कालचं जसंच्या तसं परत. हे मी पाच-सहा वेळा केलंय, त्यांतल्या दोन वेळा परीक्षेच्या दिवसांत. दर वेळी मिनिटाच्या आत काम झालं.

आता माझ्यासाठी जे सगळ्यात मोलाचं, ते सांगते. मी फाइलीचे तुकडे केले आहेत आणि त्यातल्या एकाचं नाव आहे ‘मराठी.निक्स’. साठेक ओळींची फाइल आहे. तिच्यात पहिल्यांदा फॉन्ट येतात, नोटो आणि लोहित मराठी. त्यांच्याबरोबर फॉन्टकॉन्फिग (प्रोग्रामांना फॉन्ट शोधून देणारी सोय) सुरू करणारी एक ओळ आहे. ती विसरलं तर फॉन्ट कोठारात येऊन पडतात पण एकाही प्रोग्रामला दिसत नाहीत. मी ती विसरले होते आणि त्यात एक अख्खा रविवार गेला, म्हणून आवर्जून सांगते. त्यानंतर कीबोर्ड. ग्नोममध्ये, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपमध्ये, कुठल्या पाट्या उपलब्ध आहेत ते डीकॉन्फ नावाच्या नोंदवहीत लिहिलेलं असतं, आणि होम मॅनेजर त्या नोंदवहीत लिहू शकतं. पहिली पाटी इंग्रजी, दुसरी मराठी इन्स्क्रिप्ट-२, अशी यादी दिली की सेटिंगची खिडकी उघडावीच लागत नाही. तिसरी गोष्ट माझी सुधारलेली पाटी. एम१७एन ही अनेक भाषांच्या पाट्या पुरवणारी प्रणाली घरच्या फोल्डरमधल्या ‘.एम१७एन.डी’ या जागेत तुमच्या स्वतःच्या पाट्या शोधते. तिथे माझी फाइल नेऊन ठेवायची एवढी एकच ओळ लागते. आयबस (पाट्या चालवणारी कीबोर्डची सेवा) पुन्हा सुरू केलं की Σ आणि σ बोटांखाली.

चौथी गोष्ट झीलेटेकची. होम मॅनेजरमध्ये टेक लाइव्हसाठी, म्हणजे टेकच्या सगळ्या सॉफ्टवेअरांच्या गठ्ठ्यासाठी, सोय आहेच. कुठले संच हवेत तेवढं सांगायचं. प्रश्नपत्रिकेचा माझा साचा मी त्याच फाइलीतून ‘टेक्समफ’ फोल्डरमध्ये पाठवते. साच्यात फॉन्टला लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असं दोन्ही सांगितलेलं आहे. भाषा सांगितली नाही तर नोटो हिंदी वळणाचा श आणि ल देतो. सांगितली की आपल्या वळणाचे येतात. पूर्वी ही एक ओळ कुठल्या साच्यात होती आणि कुठल्यात नव्हती, याचा मला पत्ता नसायचा. आता साचाच एक आहे.

आवृत्त्यांचा प्रश्न ‘फ्लेक’ या पद्धतीनं सुटतो. तिच्यात एक कुलपाची फाइल असते आणि निक्सच्या भांडाराची नेमकी कुठली आवृत्ती वापरायची ते तिथे नोंदलेलं असतं. या भांडारात एक लाखाहून जास्त पॅकेजं आहेत. मी ही कुलपाची फाइल दोन्ही यंत्रांवर सारखी ठेवते. गेल्या दोन वर्षांत माझ्या एकाही प्रश्नपत्रिकेतला तक्ता पान बदलून गेलेला नाही. घरी दिसतो तिथेच विभागात दिसतो. निकालाच्या दिवसांत एकच फाइल दोन ठिकाणी वेगळी दिसण्याचा वैताग ज्यांनी भोगलाय, त्यांना याची किंमत सांगावी लागणार नाही. भांडाराच्या आवृत्त्या मे आणि नोव्हेंबरमध्ये निघतात आणि होम मॅनेजरच्या त्यांच्याशी जुळणाऱ्या. मी वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या सुट्टीत, पुढे सरकते. परीक्षा तोंडावर असताना कुलपाला हात लावायचा नाही हा माझा नियम आहे.

इथे नव्या माणसाला गोंधळात टाकणारी एक ओळ आहे, ‘स्टेट व्हर्जन’. माझ्या फाइलीत तिथे अजून २३.०५ आहे, कारण मी सुरुवात त्या आवृत्तीवर केली. आवृत्ती २५.०५ झाली तरी ती ओळ तशीच ठेवायची असते. जुन्या सवयी मोडू नयेत म्हणून होम मॅनेजर त्या आकड्यावरून ठरवतं की कुठले मूळ पर्याय पूर्वीचेच ठेवायचे. आवृत्ती वाढवली म्हणून हा आकडाही वाढवायचा मोह होतो. तो आवरावा.

बसवण्याचं सांगायचं तर, निक्स बसवताना एकदा प्रशासकाचे अधिकार लागतात, कारण ते कोठार संगणकाच्या मुळाशी तयार होतं. विभागातल्या यंत्रासाठी मी रीतसर परवानगी घेतली. प्रयोगशाळेतला मदतनीस शेजारी बसून बघत होता. “मॅडम, याच्यानंतर दर वेळी पासवर्ड द्यायला मला बोलवाल ना?” त्यानं विचारलं. नाही बोलवावं लागत. एकदा निक्स आलं की होम मॅनेजर तुमच्या खात्यापुरतंच काम करतं, बाकीच्यांच्या खात्यांना आणि मूळ यंत्रणेला हात लावत नाही. सामायिक यंत्रावर हा मोठा आधार आहे. पहिल्या खेपेला डाउनलोड भरपूर असतं, टेक लाइव्ह धरून काही जीबी. घरच्या लाइनवर मला पावणेदोन तास लागले. उबुंटूवर ‘जेनेरिक लिनक्स’ या नावाची एक ओळ चालू करावी लागते, नाहीतर निक्समधून आलेली सॉफ्टवेअरं ॲपच्या यादीत दिसत नाहीत.

पहिला स्विच बहुधा अर्ध्यातच थांबेल, त्यानं घाबरू नये. तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये आधीपासून एखादी सेटिंगची फाइल असली आणि होम मॅनेजरला तिथे स्वतःची ठेवायची असली, तर ते सांगतं की अमुक फाइल वाटेत आहे, आणि काहीही न बदलता थांबतं. जुनी फाइल गुपचूप पुसत नाही. आदेशाला बॅकअपची खूण जोडली की जुनी फाइल वेगळ्या नावानं बाजूला ठेवून पुढे जातं. माझ्यासारख्या, आधीच बरंच काही गमावलेल्या माणसाला ही काळजी फार भावली.

आता जिथे त्रास होतो ते. पहिला त्रास निक्सची भाषा. आर येणाऱ्याला तिचं वळण अगदीच परकं वाटत नाही, कारण तिथेही सगळं फलनांवर चालतं. पण चूक झाली की मिळणारा संदेश पानभर असतो आणि खरी चूक त्याच्या शेवटच्या दोन ओळींत असते. अर्धविराम राहिला तर निदान ओळ क्रमांक तरी मिळतो. ‘इन्फिनिट रिकर्शन’ (व्याख्या फिरून स्वतःवरच येते) आलं की चहा करून यावा आणि शेवटचा बदल मागे घेऊन बघावा. होम मॅनेजरच्या ‘रीडमी’ या ओळख करून देणाऱ्या फाइलीतच, चुकांचे संदेश समजायला अवघड असू शकतात, असा इशारा दिलेला आहे. तो खरा आहे आणि बसवण्याआधी वाचावा. पर्यायांची संपूर्ण यादी मॅन्युअलमध्ये आहे, प्रचंड लांब पण चोख. मी ती टर्मिनलमध्येच उघडून शोधते, इंटरनेट नसलं तरी चालते.

दुसरा, फ्लेक आणि गिट यांचा. फ्लेकला गिटमध्ये नोंदलेल्या फाइलीच दिसतात. नवी फाइल केली आणि ‘गिट ॲड’ केलं नाही, तर ती समोर असूनही यंत्र म्हणतं की अशी फाइल नाही. यामागचं कारण मला पटतं, कारण ‘काहीच दिसू द्यायचं नाही’ हेच तर मूळ तत्त्व. पण पहिल्यांदा हे कळेपर्यंत मी फाइलीचं नाव चार वेळा बदलून पाहिलं होतं.

तिसरा त्रास रोजचा आहे, आणि कुणाला होम मॅनेजर मानवणार नाही हे त्याच्यावरून ठरतं. कोठारातल्या फाइली फक्त वाचता येतात. म्हणजे ज्या प्रोग्रामची सेटिंग तुम्ही होम मॅनेजरकडे दिली, त्याची खिडकी उघडून तुम्ही अक्षर मोठं केलं, तर तो बदल जतन होत नाही; मूळ फाइलीत लिहून स्विच करावं लागतं. कोड लिहिण्याच्या संपादकात हे फार टोचतं, कारण तिथे माणूस दिवसातून चारदा काहीतरी बदलतो. यावर उपाय आहे. कोठाराबाहेरच्या, आपल्याला लिहिता येईल अशा फाइलीकडे दुवा देता येतो. मी दोन प्रोग्रामांसाठी तसं केलं आहे. ग्नोमचं वेगळं आहे. तिथे खिडकीतून केलेला बदल राहतो, पण मराठी.निक्समध्ये ज्या नोंदी लिहिल्या आहेत त्या पुढच्या स्विचला परत जागेवर येतात. विभागात कुणी माझ्या खात्यातली मराठी पाटी चुकून काढली तर मला हेच हवं असतं.

आरसाठीही सवय बदलावी लागते. आरच्या आतून पॅकेज बसवण्याऐवजी आर आणि त्याची पॅकेजं यांची मोट फाइलीत बांधायची, ‘आर-रॅपर’ वापरून. सी किंवा फोर्ट्रानमधून बनणारी पॅकेजं आतून बसवायला गेलं की हमखास अडतात. मला सुरुवातीला हे जाचक वाटलं. पण आता सहामाहीच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना कुठली पॅकेजं लागणार ते मी आधीच विचार करून लिहिते, आणि त्या यादीचीच प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेतली पहिली कृती होते.

उबुंटूवर ग्राफिक्स ड्रायव्हरचा एक गुंता आहे. ओपनजीएल लागणारे प्रोग्राम निक्समधून घेतले तर कधी उघडतच नाहीत. त्यासाठी २५.०५ आवृत्तीत ‘निक्सजीएल’सारखं वेगळं वेष्टन लागायचं. शिवाय उबुंटू २४.०४ने सुरक्षेसाठी जे निर्बंध आणले, त्यांमुळे कोठारातून येणारे काही क्रोमियमच्या घराण्यातले प्रोग्राम अडतात. मी यावर वेळ घालवला नाही. ब्राउझर आणि व्हिडिओ पाहण्याची सॉफ्टवेअरं मी उबुंटूकडूनच घेते, बाकी सगळं होम मॅनेजरकडून. ज्यांचं संपूर्ण यंत्रच निक्सओएसवर (निक्सवर उभारलेली लिनक्स प्रणाली) आहे त्यांना हा भाग लागू नाही.

आणि पासवर्ड. या फाइलीत पासवर्ड किंवा खासगी किल्ली (आपली ओळख पटवणारी गुप्त फाइल) कधीही लिहू नये. कोठारात गेलेली प्रत्येक गोष्ट त्या यंत्रावरच्या प्रत्येक खात्याला वाचता येते. विभागातल्या डेस्कटॉपवर विद्यार्थ्यांचीही खाती आहेत, तेव्हा माझ्यासाठी हा पुस्तकी धोका नाही. सॉप्स-निक्स, एजनिक्स अशी त्यासाठीची साधनं आहेत. मी किल्ल्या अजून पेनड्राइव्हवरून हातानं नेते. डिस्कवर जागाही लागते. जुन्या पिढ्या साठत जातात, आणि माझं कोठार एकदा ३८ जीबीवर गेलं होतं. कचरा काढण्याचा एक आदेश आहे. मी तो महिन्यातून एकदा देते, गेल्या तीस दिवसांतल्या पिढ्या राखून.

कुणी विचारेल, एवढं करण्यापेक्षा सेटिंगच्या फाइली गिटमध्ये ठेवल्या तर? ठेवाव्यात, काहीच नसण्यापेक्षा ते फार चांगलं. जीएनयू स्टो दुवे लावून देतं आणि अर्ध्या तासात शिकता येतं. शे-म्वा (chezmoi) यंत्रागणिक फरक सांभाळतं. पण ही दोन्ही फाइली सांभाळतात, त्या फाइलींना लागणारी सॉफ्टवेअरं नव्हे. साचा येतो आणि त्याचा फॉन्ट येत नाही. माझी अडचण नेमकी तीच होती. अँसिबलमध्ये सॉफ्टवेअरंही येतात, पण ओळ पुसली म्हणून बसलेली गोष्ट निघत नाही, ती काढायला वेगळं सांगावं लागतं. ज्यांचं एकच यंत्र आहे आणि ज्यांना खिडकीत जाऊन टिकमार्क करायला आवडतं, त्यांना मी होम मॅनेजर सुचवणार नाही. दोन यंत्रं असतील, मराठीत गंभीर काम असेल आणि लिहून ठेवायची आवड असेल, तर मात्र नक्की सुचवेन. मी पाचपैकी साडेचार देईन. उरलेला अर्धा चुकांच्या संदेशांसाठी राखून ठेवते.

नव्या लॅपटॉपवर २०२५च्या जूनमध्ये काय झालं ते मिनिटांत लिहून ठेवलं आहे. उबुंटू बसल्यानंतर निक्ससाठी सात मिनिटं. माझ्या फाइली गिटवरून आणायला एक. पहिल्या स्विचला एकेचाळीस. इंटरनेट आता बरं आहे. हातानं करावं लागलं ते एवढंच: वायफाय, छपाईयंत्र, किल्ल्या, ब्राउझरमधलं लॉगइन, आणि आयबस-एम१७एन हे पॅकेज उबुंटूच्या भांडारातून बसवणं. कीबोर्डची सेवा मूळ यंत्रणेची असते आणि तिला कोठारातलं इंजिन दिसत नाही, म्हणून ते शेवटचं काम होम मॅनेजर करू शकत नाही. मराठी.निक्सच्या पहिल्याच ओळीत मी ते टीप म्हणून लिहून ठेवलं आहे. मग लॉगआउट, लॉगइन, आणि कोऱ्या पानावर ‘ॲप’, ‘दऱ्या’, ‘शल्य’. तिन्ही बरोबर. गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका झीलेटेकमधून काढली. तक्ता तिसऱ्या पानावर.

आमच्या महाविद्यालयातल्या मराठी विभागातल्या एका सरांनी हे बघितलं आणि फक्त ती मराठीची फाइल मागितली. त्यांना इन्स्क्रिप्ट येत नाही, ते उच्चारानुसार, आयट्रान्सनं टंकतात. मी म्हटलं, पाट्यांच्या यादीत इन्स्क्रिप्टच्या जागी आयट्रान्स लिहा, एका शब्दाचं काम आहे. आठवड्यानं त्यांनी त्यांची फाइल मला दाखवायला आणली. इन्स्क्रिप्ट काढलेलं नव्हतं, त्याच्या खाली आयट्रान्स जोडलं होतं. “मॅडम, कधी माझ्या यंत्रावर बसलात तर तुमची पाटी असू दे,” ते म्हणाले. त्याच दुपारी मी माझ्या यादीतही त्यांची पाटी जोडली आणि विभागातल्या डेस्कटॉपवर स्विच केला.